बिननावाचा खड्डा

नांदूरघाटच्या वरच्या अंगाला चुनखडीचा एक माळ आहे. निजामाच्या अमलापासून लोकांनी तिथं चुन्यासाठी खणलं आणि खणून झालं की खड्डा तसाच उघडा टाकून दिला. त्यामुळे माळावर सरळ वाट म्हणून नाहीच. खड्डा चुकवावा तर खडक, खडक चुकवावा तर बोराटी. माळाखालच्या गावाची रीतही मोठी विचित्र. ज्या खड्ड्यात जो पहिल्यांदा पडेल, त्याचं नाव त्या खड्ड्याला. मंजुळाबाईचा खड्डा, सटवाच्या आज्याचा खड्डा, अशी सगळी नावं पोरासोरांना पाठ. माणूस मेला तरी नाव निघत नाही, आणि सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे चहा पिता पिता नेमकी तीच चौकशी करतात.

विठ्ठलराव या गावचे चाळीस एकरांचे धनी, शिवाय चुना उत्पादक सहकारी संस्थेचे चेअरमन. पण त्यांची खरी ऐट वेगळीच होती. त्यांच्या घराण्याच्या नावावर खड्डा नव्हता. आजा पडला नाही, बाप पडला नाही, आणि आपणही पडायचं नाही असं त्यांनी मिसरूड फुटल्यापासून ठरवलेलं. माळावर ते काठीनं जमीन ठोकत, नजर पायाशी ठेवून चालत. समोरून कुणी रामराम घातला तर मान वर न करताच उत्तर देत. लोकांना वाटे माणूस मगरूर आहे. तो मगरूर होताच, पण मान खाली असायचं कारण हे होतं.

स्वतः कोरडे राहिलेल्या माणसाला भिजलेल्यांची थट्टा करायला फार आवडतं. विठ्ठलरावांच्या तावडीत सगळ्यात जास्त सापडायचा तो सत्तार. सत्तार डोक्यावर पाटी घेऊन बाजारोबाजार फळं विकायचा. जवानीत एकदा सीताफळांच्या भरल्या पाटीसकट तो खड्ड्यात गेलेला. तेव्हापासून विठ्ठलराव त्याला आधी खड्ड्याची खुशाली विचारत आणि मग फळांचा भाव. सत्तार हसून दोन्ही सांगायचा. हे हसणं त्यानं कुठून आणलं होतं देव जाणे. मला जमलं नसतं.

सत्याऐंशीच्या दुष्काळात माळावरचं गवतसुद्धा करपून गेलं आणि सगळे खड्डे उघडे पडले. त्याच सुमाराला बीडहून गहिनीनाथ सर आले. कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांना पोरांची एक नवीनच शर्यत घ्यायची होती. हातात नकाशा आणि होकायंत्र, नकाशात दाखवलेली निशाणं ओळीनं शोधायची, वाट ज्याची त्यानं काढायची. त्यासाठी त्यांना अवघड जमीन पाहिजे होती. विठ्ठलरावांनी लगेच होकार दिला. संस्थेची निवडणूक तोंडावर होती, पेपरात फोटो आला तर वाईट नव्हतं. टँकरचं पाणीही संस्थेकडून देऊ म्हणाले.

मग सर आणि त्यांची पोरं होकायंत्र लावून, पावलं मोजत महिनाभर माळ तुडवत फिरली. तलाठ्याकडच्या नकाशात हा माळ म्हणजे नुसता मोकळा कागद होता. सरांनी त्यावर खडक काळे केले, चढउताराच्या तपकिरी रेघा ओढल्या, उघडी जमीन पिवळी रंगवली. सगळेच खड्डे दाखवले तर नकाशाला देवी आल्यासारखं दिसेल, म्हणून त्यांनी नियम केला की कंबरेपेक्षा खोल असेल तोच खड्डा तपकिरी खुणेनं दाखवायचा, आणि गावात चालतं ते नाव शेजारी छापायचं. हे ऐकल्यावर सटवानं दोन दिवस घमेल्यानं मुरूम वाहून आज्याचा खड्डा मांडीइतका उथळ केला आणि आज्याला नकाशातून सोडवलं. मंजुळाबाईनं सरांना शिव्या दिल्या. सत्तारनं मात्र आपलं नाव नीट लिहिलंय ना, हे दोनदा वाचून घेतलं.

शर्यतीच्या दिवशी विठ्ठलराव कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले. संस्थेच्या नव्या चुनाभट्टीवरचा फलक पोरांच्या नजरेत येतो की नाही, हे बघायला ते एकटेच नकाशा घेऊन माळावर निघाले. इथंच घात झाला. आयुष्यभर त्यांनी पायाशी बघितलं होतं; त्या दिवशी पहिल्यांदाच हातात नकाशा होता आणि ते नकाशात बघत होते. भट्टी कुठं, आपण कुठं, असं करत त्यांनी एका तपकिरी खुणेवर अंगठा ठेवला आणि त्याच खुणेच्या खड्ड्यात ते पाय मुरगळून पडले. खुणेशेजारी नाव नव्हतं, कारण तिथं आजवर कुणी पडलंच नव्हतं.

खड्ड्यात सरांनी एक निशाण लावलेलं होतं आणि त्याला कंडक्टरकडं असतो तसा चिमटा बांधलेला; निशाण गाठल्याचा पुरावा म्हणून पोरांनी आपापल्या कार्डाला त्यानं भोक पाडायचं. विठ्ठलराव शिव्या हासडणार तेवढ्यात वर पावलं वाजली. हाक मारावी तर नाव कायमचं खड्ड्याला गेलं, आणि निवडणुकीत विरोधकांना महिनाभर पुरेल एवढा मसाला मिळाला. त्यांनी टोपी सरळ केली, एका धोंड्यावर बसले आणि चिमटा हातात घेतला. पोरगं खाली उतरलं तर समोर साक्षात चेअरमन. त्यांनी त्याचं कार्ड मागितलं, भोक पाडलं आणि पुढं जायला सांगितलं. मग एकामागून एक पोरं येत गेली. बाकीच्या निशाणांपाशी कुणी बसलेलं नाही, असं एकानं बिचकत म्हटलं, तेव्हा हा महत्त्वाचा पॉइंट आहे, असं त्याला ऐकवण्यात आलं. दोघांना तर त्यांनी रांगेत नीट उभं राहा म्हणून झापलंसुद्धा. घोटा पपईएवढा सुजला होता.

शेवटचं पोरगं गेलं, ऊन डोक्यावर आलं, आणि खड्ड्यात चेअरमन एकटे राहिले. तिकडं बक्षिसं वाटायची वेळ झाली; पोरांनी चेअरमनना पॉइंटवर बसलेलं बघितलं होतं, पण ते अजून परतले कसे नाहीत म्हणून शोधाशोध सुरू झाली. काठावर पहिला पोचला तो नेमका सत्तार.

त्यानं खाली वाकून बघितलं. “चेअरमनसाब, बसलाव का पडलाव?”

“बसलोय.”

“मंग उठा की.”

विठ्ठलराव काही उठले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला खड्ड्यात जागा नव्हती. गावाचा गलका जवळ येत होता. सत्तारनं पाटी काठावर ठेवली आणि तो बूड घासत खाली उतरला. लोक येऊन वाकले तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं की पोरं गेल्यावर आपण पडलो, निघालेले चेअरमनसाब काढायला परत उतरले आणि त्यात त्यांचा पाय गेला. गाव पोट धरून हसलं. सत्तारचा दुसरा खड्डा, असं खड्ड्याचं बारसं जागच्या जागी झालं आणि सरांनी ते टिपून घेतलं.

विठ्ठलराव बिनविरोध निवडून आले. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं की संकटात धावून जाणारे चेअरमन. त्या ओळीनं त्यांना खाणंपिणं गोड लागेना. वर्षभरानं सरांनी नकाशा नव्यानं छापून पाठवला. त्यात “सत्तारचा दुसरा खड्डा” ठसठशीत अक्षरांत होतं. तो नकाशा घेऊन विठ्ठलराव नांदूरघाटच्या बाजारात गेले आणि सत्तारच्या पाटीशेजारी चक्क मातीत बसले.

“सत्तार, मी सरांना खरं सांगणार हाय. तो खड्डा माझाय. तुझं नाव काढून टाकू.”

सत्तार बोरं निवडत होता. “कावून काढताव? तुमाला चाळीस एकर हाय. माझ्या नावावर ह्या गावात बोटभर जमीन न्हाई. बाप हितंच गेला, मीबी हितंच जाणार. त्या कागदात दोन जागा माझ्या नावाच्या हायत, छापून आलेल्या. त्यातली एक तुमी मागताव व्हय?”

विठ्ठलरावांनी मांडीवर नकाशा पसरला आणि आपलं नाव शोधायला लागले. माळाच्या कडेला त्यांचं चाळीस एकर होतं. ते नुसतं पिवळं होतं, त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

“मंग माझं कुठंच न्हाई की रे,” ते म्हणाले.

सत्तारनं त्यांच्या ओंजळीत बोरं टाकली. “माळ लई मोठा हाय, चेअरमनसाब,” तो म्हणाला. “बिननावाचे लई पडलेत अजून. बघा एखादा.”