सोन्याच्या घड्याळाचं झाकण

मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. शर्यत सुटली की पोरांच्या पायांइतकंच माझं लक्ष अंगठ्याखालच्या स्टॉपवॉचच्या बटणाकडे असायचं. त्यातूनच पुढे एक वेड लागलं. काही मनगटी घड्याळांत स्टॉपवॉचही असतं, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. चावीच्या वर-खाली दोन बटणं आणि मोठ्या तबकडीत छोट्या तबकड्या. तसलं एखादं जुनं, सोन्याचं घड्याळ आपल्याकडे असावं, असं निवृत्त झाल्यावर फार वाटायला लागलं.

एका संध्याकाळी मोबाईलवर जाहिरात दिसली. फोटोत पिवळंधमक घड्याळ, पत्ता मिरजगावच्या पुढचा. नगरहून काही फार लांब नाही.

मी आधी अभ्यास केला. मागचं झाकण उघडून आत सोन्याचा शिक्का बघायचा, कारण वरून मुलामा दिलेली घड्याळं पुष्कळ असतात. वरचं बटण दाबलं की सेकंदकाटा लगेच सुटला पाहिजे, पुन्हा दाबलं की थांबला पाहिजे आणि खालचं दाबलं की थेट बाराच्या खुणेवर परतला पाहिजे. तबकडी नव्याने रंगवली आहे का ते आकड्यांच्या कडांवरून कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतलं मशीन मूळचंच आहे का, ते बघायचं. यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि माणूस कसा बघायचा?"

त्यांचा रोख मला कळला. स्वस्तात सोनं देतो म्हणून आडरानात बोलवायचं आणि मारहाण करून लुटायचं, असले प्रकार आमच्या जिल्ह्यात कोणी ऐकले नाहीत?

फोनवरचा माणूस काही धीर वाटावा असं बोलत नव्हता. "कोन कोन येनार? गाडीचा नंबर पाठवा. पैसे रोख आननार का?" मी म्हटलं, नगरला या, एखाद्या सराफाकडे बसून बघू. तो म्हणाला, "आमी वस्तू घेऊन बाहेर न्हाई पडनार. तुमी या. आन दोघांच्या वर मानसं नकोत."

नको जायला, असं हे दोनदा म्हणाले. तरी मी हट्ट धरला आणि मला एकटीला सोडायचं नाही म्हणून हे गाडी काढायला तयार झाले.

हायवे सोडून आत वळलो तिथे एक मोटारसायकल उभी होती. चालवणाऱ्याचं तोंड टॉवेलने गुंडाळलेलं. त्याने हातानेच 'या' म्हणून खूण केली. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी काढलेली मोकळी रानं, माणूस कुठे नाही. थोडं पुढे गेलो आणि मागून एक टेम्पो आला. आम्ही हळू झालो की तोही हळू होई. यांनी आरशात पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार लॉक कर." मी चाचपडत बटण शोधलं आणि दाबलं.

वस्तीवर पोहोचलो. टेम्पो आमच्या गाडीमागे आडवा लागला. म्हणजे परतीची वाट बंद. ओट्यावर दोन माणसं बसली होती, एकाच्या पायाशी ऊसतोडीचा कोयता. टॉवेलवाल्याने तोंड उघडं केलं. तिशी-पस्तिशीचा असेल. आम्हाला आत घेऊन त्याने दाराला कडी लावली. आपल्याला इथून कोणी शोधायचं म्हटलं तरी कसं शोधणार, एवढंच मनात येत होतं.

आत एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. त्याची आई. तिने पदराखालून घड्याळ काढलं, पण माझ्या हातात पुरतं दिलं नाही. पट्टा तिच्या मुठीत, घड्याळ माझ्या बोटांत. मी वरचं बटण दाबलं. काटा हलला नाही. खालचं दाबलं. काहीच नाही. बटण नुसतं आत जाऊन बाहेर येत होतं, मेल्यासारखं. घड्याळ टिकटिकत मात्र होतं.

"तेलपानी केलं की चालतं," मुलगा म्हणाला.

काहीतरी खोटं आहे हे मला कळलं आणि त्याने मी जास्तच घाबरले. हे बोलून दाखवलं तर? कसाबसा आवाज काढला, "मागचं झाकण उघडून बघता येईल का?"

"झाकन उघडायचं न्हाई!" तो एवढ्या जोरात ओरडला की बाहेरची दोघं उठून दाराशी आली. हे माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

तेव्हा म्हातारी बोलली. "बाई, तुमचं कितीजन हायेत रस्त्यावर?"

मला प्रश्नच समजला नाही. "कोणी नाही. आम्ही दोघंच."

"खरं सांगा. जाहिरात दिल्यापास्नं अनोळखी गाड्या फिरत्यात वस्तीवर. फोन येत्यात, घरी कोन कोन हाय म्हनून. ह्यो रातचा झोपत न्हाई. म्हनून भावकीतली मानसं बोलावली." बोलताना तिने पट्टा आणखी घट्ट धरला. मी आत्ता कुठे तिच्याकडे नीट पाहिलं. ती माझ्याइतकीच भ्यालेली होती.

तिचा नवरा बोटीवर आचारी होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्याने हे घड्याळ हौसेनं घेतलं आणि फक्त लग्नाकार्यात घातलं. तो गेल्यावर एकजण विकत घेतो म्हणून आला, तपासायला शहरात घेऊन गेला आणि चार-आठ दिवसांनी नको म्हणून परत देऊन गेला. "तवापास्नं ह्याचा आवाज येगळा वाटतो," ती म्हणाली. "पन कुनाला सांगू?"

यांनी सुचवलं, "मिरजगावच्या बाजारात एखाद्या सराफाकडे जाऊ. घड्याळ तुमच्याच मुठीत राहू द्या. आम्ही हातसुद्धा लावत नाही."

तिने पट्टा मुठीभोवती गुंडाळला. मग तिने मुलाला कडी काढायला लावली.

ती आमच्या गाडीत माझ्या शेजारी बसली. मुलगा पुढे यांच्याजवळ, मागे टेम्पो. वाटेत ती एकदाही पाठ टेकून बसली नाही. मीही नाही.

सराफाने तिच्या समोरच, तिच्या हातातून घेऊन झाकण उघडलं. झाकणाच्या आत शिक्का होता. सोनं खरं होतं. पण मी भिंगातून मशीन पाहिलं आणि चूक लगेच दिसली. क्रोनोग्राफचं मशीन बारीक तरफांनी आणि चाकांनी गच्च भरलेलं असतं. इथे साध्या घड्याळाचं छोटं मशीन बसवलं होतं, ते हलू नये म्हणून भोवती घडी केलेला कागद कोंबला होता. बटणं कशालाच टेकत नव्हती.

मी सांगितलं. सांगावंच लागलं.

मुलगा ताडकन उठला आणि त्याने यांच्या दंडाला धरलं. "कवा बदललं? आं? कवा बदललं तुमी?" दुकानाबाहेर टेम्पोतली माणसं उतरलेली मला दिसत होती.

"सोड त्यांना," म्हातारी म्हणाली. "माज्या मुठीत हुतं ते. त्यांनी कवा बदलावं? त्या पयल्या मानसानं नेलं ते." तिचा आवाज फार खोल गेला होता. मुलाने दंड सोडला आणि तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलताना दिसले.

सराफ सोन्याच्या भावाने घ्यायला तयार होता. ती नको म्हणाली. रिकामं तर रिकामं, घरी असू दे म्हणाली. मीही ते घेण्याचा विचार सोडला. तिला परत वस्तीवर सोडलं तेव्हा तिने चहाला थांबवलं आणि आम्ही थांबलो.

काही महिन्यांनी त्या मुलाचा नंबर मोबाईलवर झळकला. घ्यावा की न घ्यावा करत शेवटी घेतला.

"बाई, जुनी जाहिरात बघून एक जन आलाय घड्याळ बघायला, आई बी आता इकायला तयार हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "मशीनचं त्याला सांगितलं. तरी घेतो म्हनतो, पन चार दिवस तपासायला द्या म्हनतो. मला लई भ्या वाटतंय. काय करू?"

"देऊ नकोस," मी म्हटलं. "सराफाकडे घेऊन जा. आई शेजारी असू दे. झाकण उघडलं की तुझी नजर तिथून हलता कामा नये."

"व्हय," तो म्हणाला. "तुमी तेवढा फोन चालू ठेवा."

तो बाजारात पोहोचेपर्यंत मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी राहिले.