तेल लावलेली वेणी

प्रयोगशाळा झाडणाऱ्या शांतामावशी मेंदूच्या लहरी मोजून घ्यायला आल्या, त्या खोबरेल चोपडून, घट्ट वेणी घालून. तेलामुळे डोक्यावर चढवलेल्या टोपीतल्या तारांना मेंदूतली वीज पकडता येईना. सर मला म्हणाले, "यांना वगळ."

मावशी ओशाळल्या. "कोरड्या केसांनी चारचौघांत कसं यायचं, ताई?"

तेल नको, हे त्यांना सांगायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. भौतिकशास्त्र शिकून मी मेंदूच्या संशोधनाकडे आले, त्याला तीन वर्षं झाली. आता एका गोष्टीने थकलेय. आम्ही बिनदिक्कत 'माणसाचा मेंदू' असं लिहितो आणि मोजतो कुणाचा? शाम्पू लावून येणाऱ्या हॉस्टेलच्या पोरांचा!

"वगळणार नाही, सर," मी म्हटलं. बेसिनचा नळ सोडला आणि मावशींची वेणी उकलायला घेतली.