डब्यावरचा तेविसावा टोला

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला हळवी ठरवायला नको. मी अडतीस वर्षांची, केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी, रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम त्यावर पाय देऊन जाणारी बाई आहे. सोसायटीच्या ग्रुपवर भुताखेतांचे फॉरवर्ड आले की पहिली खिल्ली मीच उडवते. तरी हे लिहितेय… वर्ष होत आलं, डोक्यातून जात नाही.

दिल्लीत द्वारकेला आम्ही तिघं राहतो – मी, आई आणि बाबा. बाबाही सरकारी नोकरीतले. माझं लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात बाबांना स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. थेरपिस्टनं डाव्या हातानं ठेका धरून आकडे म्हणायला सांगितलं होतं. मला स्कीइंगचं वेड, म्हणून मी त्यांना आमची डोंगरावरची टेस्ट शिकवली. उतारावर जाण्याआधी बर्फाचा एक चौकोनी खांब कापायचा, त्यावर फावडं ठेवायचं आणि हातानं टोले द्यायचे – दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब लवकर मोडला तर समजायचं, हा उतार कधीही कोसळेल. घरी फावड्याच्या जागी पोळ्यांचा स्टीलचा डबा. रोज संध्याकाळी बाबा टोले द्यायचे आणि आकडे मी म्हणायचे. चार महिन्यांत त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. डॉक्टरांनीही हात टेकले होते.

मागच्या एप्रिलमध्ये मी आणि माझा कॉलेजचा मित्र हरप्रीत, करोल बागेतला, हिमाचलात गेलो. लिफ्ट नाही, हॉटेल नाही, आपणच चढायचं आणि आपणच घसरत उतरायचं. एप्रिलमधला बर्फ रात्री गोठतो, सकाळी कडक असतो आणि ऊन चढलं की आतून भिजून सुटा होतो. म्हणून दहाच्या आत खाली, हा आमचा नियम. साडेसातला माथ्यावर टेस्ट केली. तीस टोले झाले, खांब जागचा हलला नाही. मी वहीत ‘ओके’ लिहून खाली सही केली. मग हरप्रीतच्या स्कीवरची, बूट अडकवायची पकड तुटली. ती तारेनं बांधता बांधता सव्वाअकरा वाजले.

आता इथे माझी चूक. आमच्या ऑफिसात एकदा फाइलवर सही झाली की ती पुन्हा कोणी उघडत नाही. मीही तेच केलं. हरप्रीतनं विचारलं, “सुबह पास हुआ था ना?” मी वही दाखवली आणि स्की उताराकडे वळवली.

आणि डबा वाजला.

स्टीलचा डबा, डाव्या हाताचा थोडा रेंगाळणारा ठेका. दहा हलके. दहा जरा जोरात. मी जागीच खिळले. मग खांद्यातून एक, दोन, तीन… आणि बाबांचा आवाज, स्ट्रोकच्या आधीचा, खणखणीत –

“थांब.”

हरप्रीतला काही ऐकू आलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “नहीं जाना.” आमच्यात कोणीही एकानं नाही म्हटलं की कारण विचारायचं नाही, असं ठरलेलं आहे. तो यावर रुसला, पण त्यानं कारण विचारलं नाही. काठी खुपसून पाहिली तर ती मुठीपर्यंत आत गेली. नवीन खांब कापला. मनगटाच्या चौथ्याच टोल्याला तो सरकला. आम्ही फावडं बॅगेत भरत होतो, तेवढ्यात आमच्या पायांपुढचा अख्खा उतार सुटला. ओल्या सिमेंटसारखा, सावकाश, खालच्या झाडांपर्यंत. कड्याच्या धारेवरून पायी उतरायला आम्हाला चार तास लागले.

खाली येईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती. बर्फ मऊ झालाय हे पायांना कळलं असणार, मेंदूनं ते ओळखीच्या आवाजात सांगितलं. बिल्कुल पटण्यासारखं आहे.

मग नेटवर्क आलं आणि आईचा फोन. ती रडत होती, पण आनंदानं.

“अगं, बाबा बोलले.”

सकाळी तिनं सव्वाअकराचा चहा केला. हा तिचा रोजचा चहा, घड्याळ लावून घ्यावं असा. तेवढ्यात बाबांनी, कधी नव्हे ते सकाळीच, डबा ओढून टोले द्यायला सुरुवात केली. आई कपात चहा ओतत होती. मध्येच ते थांबले आणि स्पष्ट म्हणाले, “थांब.” कप काठोकाठ भरला होता, म्हणून आपल्यालाच म्हणाले असं तिला वाटलं. कितव्या टोल्याला, ते तिनं मोजलं नव्हतं.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्ही कोणाला थांब म्हणालात? त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. याचा अर्थ मला लागलेला नाही. थेरपिस्ट म्हणते, वाचा अशी अचानक येते कधी कधी. येत असेल. पण डबा मला तिथे कसा ऐकू आला, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही.

आज बाबांकडे तीसेक शब्द आहेत. परवा मी पुन्हा डोंगरावर निघाले, तर आई दारात नेहमीसारखं “जपून जा” म्हणाली. बाबा खुर्चीतून उठले, डाव्या हातानं माझ्या बॅगेवर एक टोला दिला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले,

“पुन्हा… बघून… जा.”