हालली का?

इंदापूरच्या स्टँडवर स्वारगेटची गाडी लागली, तेव्हा आप्पांनी माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला आणि वर वहीचा एक घडी घातलेला कागद. आप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. मी नोकरीसाठी जपानला निघाले होते, म्हणून कागदावर सुवाच्य अक्षरात चार सूचना होत्या. एक, पळायचे नाही. दोन, टेबलाखाली जायचे. तीन, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. चार, हालायचे थांबल्याशिवाय बाहेर यायचे नाही. आई बिचारी डोळे पुसत होती आणि हे परीक्षेला बसवल्यासारखे मला चौथी सूचना पाठ म्हणायला लावत होते.

मी पायरीवर चढून म्हटलं, "जाते आप्पा." तर अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले, "जाते काय? येते म्हण, येते!"

मग मी येते म्हटलं आणि गेले. त्याला आठ वर्षं झाली.

आमच्या गावात, निरवांगीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, हसू नका, पण जपानातला पहिला भूकंप मी झोपून काढला. रविवारची दुपार होती. खिडक्या खडखडल्या, कपाटात कपबश्या वाजल्या. मी कूस बदलली आणि मनात म्हटलं, उसाचा ट्रॅक्टर गेला. आमचं घर रस्त्याला लागून. कारखाना सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर दिवसभर जातात आणि मांडणीवरची भांडी नाचतात, त्याला कोण उठतंय? पाच मिनिटांनी डोक्यात उजेड पडला, अगं बये, इथं कुठला ऊस?

तोवर बातमी आप्पांपर्यंत पोचलेली. फोनवर पहिला प्रश्न, "हालली का?" मी म्हटलं, हालली, पण मला कळलंच नाही. मग भ्रंश म्हणजे काय यावर पाऊण तासाचा तास झाला. "आपल्या लाकडी कपाटाचा तो खालचा खण बघ. वडतो, वडतो, हालत न्हाय. जोर साठत जातो. आन् मग एकदम असा सुटतो की सामान सगळं भुईवर. जमिनीत भेग असती, दोन्हीकडचे खडक अडकून बसत्यात, अन् एक दिवस सरकत्यात. सरकल्याला भ्रंश म्हणायचं. कळलं का?" कळलं होतं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये रंगीत स्लाइड दाखवून जे सांगितलं, ते मला त्या खणामुळेच कळलं.

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. इकडे जिशिन, म्हणजे भूकंप झाला की तिकडून फोन. हालली का? हालली. टेबलाखाली गेलीस का? गेले. बस्स. बापलेकीत दुसरं फारसं बोलणं नव्हतंच.

गेल्या वर्षी मात्र काही हललेलं नसतानाही फोन यायला लागले. मला वाटलं, यांनी मोबाईलवर भूकंपाचं कसलंतरी ॲप घेतलंय आणि ते उगाच कोकलतंय. मी आधी हसले, मग वैतागले. एकदा मीटिंगमध्ये लागोपाठ तीन फोन आले. बाहेर येऊन मी तडकलेच, "आप्पा, काही हाललं न्हाय! जिवंत हाय मी!" पलीकडून हळूच, "बरं. पण हालली का?" मी फोन कट केला. त्याची लाज मला आजही वाटते.

यंदा मे महिन्यात घरी आले. आमचं घर काळ्या मातीवर. उन्हाळ्यात ती माती आकसते आणि मागच्या खोलीच्या भिंतीला भेग उघडते, पावसाळ्यात पुन्हा मिटते. आप्पांनी त्यावर माझ्या शाळेपासून एक उद्योग चालवला होता. भेगेवर खळीने कागदाची आडवी पट्टी चिकटवायची, वर तारीख टाकायची. पट्टी फाटली की भेग सरकली, मग नवी पट्टी. वर्षाला एक, फार तर दोन.

या वेळी बघते तर भिंतीवर नऊ पट्ट्या. आणि नऊच्या नऊ पट्ट्यांवर मार्चमधली एकच तारीख. एका दिवसात नऊ वेळा सरकली? मी बॅगही उघडली नाही, सुरूच झाले, हे घर सोडा, बारामतीत फ्लॅट बघू, मी इंजिनिअर बोलावते, जपानात असलं घर एक दिवस राहू देणार नाहीत. आठ वर्षांत मी काय शिकले ते सगळं त्या भिंतीवर ओतलं.

आई पदराला हात पुसत आली. म्हणाली, "भेग हाय तेवढीच हाय. पट्ट्या बघ की, एक तरी फाटलीया का?"

एकही फाटलेली नव्हती.

"चिकटवत्यात आन् इसरत्यात. कॅलेंडरचं रोजचं पान मार्चातच फाडायचं ऱ्हायलंय, त्यातनंच तारीख घेत्यात. तू भिंतीकडं काय बघती, माणसाकडं बघ."

बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं, मेंदूचा फोटो काढला आणि म्हणाले, स्मृतिभ्रंश आहे. मला रडू फुटलं. आप्पांना हसू आलं. जन्मभर शिकवलेला शब्द भेटला ना! "भ्रंश? म्हंजे सरकलंय कुठंतरी," म्हणाले. आणि डॉक्टरांना विचारतात कसे, "रेषा कुठनं जाती, दिसती का फोटोत?"

मी जपानला परत आले खरी, पण तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आईआप्पांना इकडे आणावं, तर ज्या माणसाला कधीकधी स्वतःच्या घरातली मोरी सापडत नाही, त्याला इथली कुठली दिशा कळणार? मी तिकडे जावं, तर मी करू काय, आणि ते मला ओळखणार किती दिवस? या महिन्याअखेर कंपनीला कॉन्ट्रॅक्टचं उत्तर द्यायचंय. जमीन हलते म्हणून लोक मला इथून परत बोलवायचे, आणि आमच्या निरवांगीची भुई ढिम्म आहे म्हणून मी निर्धास्त होते. किल्लारीच्या भूकंपाबद्दल आप्पा सांगायचे, "तितं हालणार न्हाय म्हणत होते, तितंच हालली." ऐकलं होतं, वहीत लिहिलंही होतं. समजलं काहीच नव्हतं.

गेल्या आठवड्यात आमचा फोन चालू होता. आप्पांनी मला दोनदा विचारलं, "तुमी कोण बोलताय?" मी दोनदा सांगितलं, सुजाता. तेवढ्यात खिडक्या खडखडल्या. मी म्हटलं, "आप्पा, हालली!"

आणि तिकडून वर्गातला आवाज आला, कडक, खणखणीत. "पळायचं नाही. टेबलाखाली जा. पाय धर, घट्ट. धरलास का?"

"धरला."

"चौथी सूचना?"

"हालायचं थांबल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

"शाबास."

जमीन थांबली. मी मात्र टेबलाचा पाय धरून तशीच बसले होते, हमसून हमसून रडत होते. म्हटलं, "आप्पा, मी घरी येऊ का?"

"थांबलं का हालायचं?"

तिकडे आई म्हणत होती, जेवायची वेळ झाली, ठेवा आता. मी म्हटलं, "ठेवते आप्पा. जाते."

"जाते काय? येते म्हण!"

"येते," मी म्हटलं. तोवर फोन बंद झाला होता. निरोप घेतला की घरी यायचं कबूल केलं, ते मला अजून कळलेलं नाही. पण येते म्हटलंय.