ओझेलची मिस अर्झुला

बर्मिंगहॅममधल्या पाइप कारखान्यामागच्या वस्तीत प्रत्येक जण कशासाठी तरी प्रसिद्ध होता. डीकन टॉलिव्हर लांबलचक प्रार्थनेसाठी, सिस्टर युलालिया रताळ्याच्या पाईसाठी, आणि ओझेल क्रम्प जळण्यासाठी. तो ओतकामाच्या भट्टीवर काम करायचा. लोक म्हणत, कारखान्याची भट्टी निदान रविवारी तरी थंड होते, ओझेलची बारमाही चालू.

शेजाऱ्याच्या परसातल्या कोलार्डच्या भाजीची पानं आपल्यापेक्षा रुंद झाली की ओझेलला घास उतरत नसे. डीकनने नवी हॅट घेतली तेव्हा ‘डोकं दुखतंय’ म्हणून तो चर्चलाच गेला नाही. एकदा तर कुणाच्या तरी मयताहून आला आणि व्हरांड्यात तोंड पाडून बसला.

त्याच्या बायकोला, व्हर्निसला, वाईट वाटलं. "फार जवळचा होता का रे?"

"जवळचा कसला! पण गर्दी काय होती गं! माझ्या वेळी येतील का एवढे?"

"तू जिवंतपणी त्यांच्याशी जरा गोड बोललास तर येतील," व्हर्निस म्हणाली.

एका बाबतीत मात्र ओझेलला कुणाचाही हेवा करायची गरज नव्हती. कारखान्याच्या बेसबॉल संघाचा तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता, डावखुरा, आणि त्याच्याजवळ एक चेंडू होता. चेंडू म्हणजे तसे सगळ्यांचेच सारखे. पण हा चेंडू तो ज्या तऱ्हेने टाकायचा ती तऱ्हा त्याची एकट्याची. संथ यायचा, अगदी सरळ, भोळाभाबडा वाटायचा, आणि बॅटवाल्याने बॅट फिरवली रे फिरवली की खाली वळून त्याच्या गुडघ्यात शिरायचा. ओझेलने त्याला सासूचं नाव दिलं होतं, मिस अर्झुला. "दारातून येताना कशी गोड हसत येते," तो सांगायचा, "आणि बसल्यावर कळतं कुठे टोचलं ते." खुद्द मिस अर्झुला पहिल्या रांगेत बसून सामना बघायच्या आणि कुणी या चेंडूवर बाद झालं की उभं राहून सगळ्यांना अभिवादन करायच्या.

या संघात थिओटिस गेन्स आला तो कोवळा, काटकुळा, हसरा. ओझेलच्या पाठीमागे शॉर्टस्टॉपच्या जागी चेंडू अडवायला उभा राहायचा आणि त्याच्या बाजूने चेंडू गेला की दावणीच्या वासरासारखा त्याच्या हातात यायचा. बॅट तर अशी फिरवायचा की मैदानाच्या टोकाला बसणाऱ्यांनी जागा बदलल्या. कामाची पाळी सुटली की ओझेल त्याला सरावाला चेंडू टाकायचा. थिओटिस सगळे मारायचा. फक्त मिस अर्झुला आली की त्याचे गुडघे लोण्याचे व्हायचे.

"मिस्टर ओझेल, हा कसा मारायचा ते शिकवा ना."

"पोरा, घरातली एक पेटी कुलूपबंद राहू दे," ओझेल म्हणायचा, आणि त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं.

त्या काळी गोऱ्यांच्या मोठ्या लीगचं दार आपल्या काळ्या माणसांना नुकतंच किलकिलं झालं होतं. एका रविवारी उत्तरेकडच्या एका संघाचा पारखी माणूस सामना बघायला आला. ओझेल त्या दिवशी असा खेळला की मिस अर्झुलांचे अभिवादन करकरून पाय दुखले. सामना संपल्यावर पारखी मैदानात उतरला, थेट ओझेलकडेच आला. ओझेलने हात विजारीला पुसून पुढे केला. त्या गृहस्थाने तो हातात घेतला आणि ओझेलच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "तो शॉर्टस्टॉपवाला मुलगा कुठे भेटेल?"

थिओटिस उत्तरेला खेळायला गेला. ओझेलचं वय झालं होतं, असं लोक म्हणाले. वय विचारलं तर ओझेल हवामान बघून सांगायचा, त्यामुळे खात्रीने कुणालाच माहीत नव्हतं. पण गुडघे कुरकुरत ते रस्त्यापलीकडे ऐकू यायचं.

खालच्या लीगमध्ये घासूनपुसून झाल्यावर एका उन्हाळ्याच्या अखेरीस थिओटिस मोठ्या संघात उभा राहिला, त्या संघातला आपला पहिला माणूस. आणि मारू लागला. व्हरांड्याव्हरांड्यांत रेडिओ लागले. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो. सिस्टर युलालियाच्या पाईचं नाव ‘थिओटिस पाई’. हे सगळं ओझेलने कसंबसं पचवलं. पण मयतांची व्यवस्था बघणारे मिस्टर पेटिबोन दरवर्षी चर्चमध्ये पुठ्ठ्याचे पंखे वाटायचे. एरवी त्यावर मेंढपाळाचं चित्र असायचं. यंदा एका बाजूला बॅट घेतलेला थिओटिस आणि दुसऱ्या बाजूला ‘अखेरचा प्रवास निर्धास्तपणे आमच्यावर सोपवा’.

अख्खं चर्च थिओटिसने वारा घेत होतं. पुढे थिओटिस, मागे थिओटिस, डावीकडे मिस अर्झुला दोन्ही हातांत दोन थिओटिस घेऊन. व्हर्निसने प्रेमाने नवऱ्याकडेही पंखा हलवला.

"नको मला त्याचा वारा!"

"घाम गळतोय तुझा."

"गळू दे. माझा आहे."

मग बातमी आली की हंगाम संपल्यावर थिओटिस आपल्या सोबत्यांचा संघ घेऊन गावोगाव खेळत येतोय आणि एक रविवार आपल्या कारखान्याच्या संघाशी खेळणार. गावाने पताका शिवायला घेतल्या. ओझेल परसात गेला आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या भिंतीवर चेंडू टाकू लागला. कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं. जन्मात प्रथमच थिओटिस त्याच्या समोर, विरुद्ध बाजूने बॅट घेऊन उभा राहणार होता.

"सगळ्या गावासमोर त्याला गुडघ्यावर आणतो," तो म्हणाला.

"आणि मग?" व्हर्निसने विचारलं.

"मग काय? मग लोकांना कळेल."

"काय कळेल, मिस्टर क्रम्प?" नवऱ्याला ती आडनावाने हाक मारायची तेव्हा प्रकरण गंभीर असायचं.

खुराड्यावर आणखी एक चेंडू आदळला.

त्या रविवारी पाद्रीबुवांनी प्रवचन इतकं आवरलं की मोशे इजिप्तमधून निघाला आणि समुद्रापाशी पोचायच्या आत ‘आमेन’ झालं. चर्चच्या कपड्यांतच सगळे मैदानावर. बायकांच्या हॅटा अशा की मागच्यांना सामना ऐकूनच समजून घ्यावा लागे. आपल्या सामन्यांना गोरेही यायचे. त्यांच्यासाठी दोर बांधून वेगळी जागा ठेवलेली. त्या दोरापलीकडे आज दोन अनोळखी माणसं सिगार ओढत बसली होती.

कॅचर वॉर्डेलने ओझेलला हातमोज्याने खूण करून बाजूला घेतलं. वॉर्डेल थोराड, शांत माणूस. आयुष्यभर ओझेलचे चेंडू आणि तक्रारी दोन्ही त्यानेच झेलल्या होत्या.

"ते दोघं दिसतात? थिओटिसच्या विरुद्धच्या संघांची माणसं आहेत. मघाशी सिगार पेटवताना बोलत होती. मी मागेच उभा होतो, पण त्यांना काय, खांब आणि मी सारखेच."

"काय म्हणत होती?"

"म्हणत होती, या पोराचं कच्चं कुठे आहे ते अजून कुणालाच सापडत नाही. इथे त्याच्या गावात कुणाला तरी ठाऊक असेल."

ओझेलने दोराकडे बघितलं.

"त्यांनी तुझी सासू बघितली," वॉर्डेल हळूच म्हणाला, "तर वसंतात हंगाम सुरू झाला की प्रत्येक डावखुरा त्याला तोच चेंडू टाकेल. पोरगं महिनाभरात घरी. आणि ते दार आहे ना, ओझेल, ते त्याच्या एकट्याच्या तोंडावर बंद व्हायचं नाही. म्हणतील, बघा, एक आणून पाहिला, नाही जमलं यांना."

"अरे, पण वॉर्डेल!" ओझेलचा आवाज चिरकला. "जन्मभर वाट बघितली की कुणीतरी पारखी येऊन माझ्याकडे बघावं. आज आलेत. समोर बसलेत. आणि माझ्याजवळ दाखवण्यासारखी एकच चीज आहे, आणि तू म्हणतोस ती झाकून ठेव?"

"मी काही म्हणत नाही. तू पिचर आहेस. मी फक्त झेलतो."

हे जास्त वाईट होतं. वॉर्डेल भांडला असता तर ओझेलला ऐकायची गरज पडली नसती.

सामन्याआधी आपल्याकडे एक खेळ असायचा, बिनचेंडूचा. खेळाडू मैदानात उतरत आणि सगळा सामना खोटा खोटा खेळत. पिचर रिकामा हात फिरवे, बॅटवाला हवा मारी, शॉर्टस्टॉप उडी मारून नसलेला चेंडू झेले आणि पहिल्या बेसला फेके, तिथला माणूस हात झोंबल्यासारखा मोजा झटके. हे इतकं चपळाईने चाले की नवखा माणूस मान वळवून वळवून चेंडू शोधत बसे. गोऱ्यांना ही विदूषकगिरी फार आवडायची.

खेळ रंगात आला होता. अचानक ओझेल पिचरच्या उंचवट्यावर चढला आणि त्याने बोट केलं. "थिओटिस! ये इकडे. बॅट घे."

थिओटिस हसत आला. चांगला भरला होता, कोटाची इस्त्री मोडू नये अशी चाल झाली होती, पण हसू तेच.

ओझेलने रिकामी मूठ छातीशी धरली, पाय उचलला आणि मनगटाला तो पीळ दिला. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही तो पीळ ओळखू यायचा. पहिल्या रांगेत खऱ्या मिस अर्झुला ताडकन उभ्या राहिल्या.

थिओटिसच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो थांबला, वाट बघितली, बॅट फिरवली. पुष्कळ आधी. वॉर्डेलने रिकाम्या मोज्यावर चापट मारली. धप्प!

"टोचलं का रे, बाळा?" मिस अर्झुला ओरडल्या.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी ओझेलने इतक्या सावकाश हात फिरवला की लोकांनी श्वास धरला. नसलेला चेंडू सरळ आला, भोळाभाबडा आला, आणि खाली वळला. थिओटिसचे गुडघे दुमडले. बॅट गरकन फिरली आणि तो धुळीत बसला.

आपल्या बाजूला जो गलका उठला! हॅटा उडाल्या, पंखे उडाले. डीकन टॉलिव्हरने आयुष्यातली सर्वांत छोटी प्रार्थना म्हटली, "बघितलंस ना, देवा?" दोरापलीकडचे दोघे पोट धरून हसले आणि खरा सामना कधी सुरू होतो म्हणून घड्याळ बघू लागले.

खऱ्या सामन्यात थिओटिस समोर आला. वॉर्डेलने सासूची खूण केली नाही, आणि ओझेलनेही मागितली नाही. त्याने सरळ चेंडू टाकला. सरळ, वेगवान, प्रामाणिक. थिओटिसने तो कारखान्याच्या धुराड्याच्या दिशेने असा पाठवला की तो पुन्हा कुणाला सापडला नाही. होमरन! बेसना फेरी मारताना ओझेलच्या जवळून जाताना तो पुटपुटला, "उपकार झाले, मिस्टर ओझेल."

"उपकार झाले म्हणे," ओझेल वॉर्डेलला म्हणाला. "मग जरा जवळ मारायचा होता. एवढ्या लांब मारायची काय गरज होती?"

सिगारवाले सामना संपायच्या आतच उठून गेले.

संध्याकाळी थिओटिस क्रम्पांकडे जेवायला आला. तळलेली कोंबडी, कोलार्ड, मक्याचा पाव. ओझेलने त्याच्या पानातली कोंबडीची तंगडी आपल्यापेक्षा मोठी आहे हे बघितलं आणि गिळलं.

"खरं सांग," तो शेवटी म्हणाला. "मुद्दाम हुकलास ना? म्हाताऱ्याचं मन राखलंस."

"शपथेवर सांगतो, मिस्टर ओझेल. मला ती दिसली. येताना दिसली, वळताना दिसली. आणि नाहीच मारता आली." थिओटिसने पाव मोडला. "आज त्या दोघांना नाही कळलं. पण कधीतरी कुणाला तरी कळेलच. तेव्हा मी काय करू?"

ओझेल पानाकडे बघत राहिला. त्या कुलूपबंद पेटीशिवाय त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

"मिस्टर क्रम्प," व्हर्निस म्हणाली, "परसात अजून उजेड आहे."

"कोंबड्या घाबरतात."

"त्यांनी तशीही अंडी सोडलीत."

ओझेल उठला. रात्रभर कुरकुरणारे गुडघे घेऊन तो परसात गेला आणि ज्याचा त्याला जगात सगळ्यांत जास्त हेवा वाटायचा त्याच्यासमोर उभं राहून त्याने त्याला आपली मिस अर्झुला कशी मारायची ते शिकवलं. "थांब. अजून थांब. तिला बसू दे आधी! पाहुणी आली की लगेच उठायचं नसतं." थिओटिस मुक्काम संपेपर्यंत रोज येत राहिला. शेवटच्या दिवशी त्याने ती अशी मारली की डीकनच्या नव्या हॅटला भोक पडलं, आणि ओझेलला त्या आठवड्यात प्रथमच बरं वाटलं.

पुढल्या उन्हाळ्यात सगळी वस्ती क्रम्पांच्या व्हरांड्यात रेडिओभोवती जमली होती. समोरचा पिचर डावखुरा. निवेदक सांगत होता, संथ चेंडू, आत येतोय, गुडघ्याजवळ वळतोय... आणि मग त्याचा आवाज गर्दीच्या आरोळीत बुडाला. होमरन! सिस्टर युलालियाने पाई हवेत उंचावली. व्हर्निसने नवऱ्याच्या गालाचा मुका घेतला. सगळे ओझेलच्या पाठीवर थापा मारत होते. मिस अर्झुला उभ्या राहून रेडिओला अभिवादन करत होत्या.

ओझेल हसत होता. मग हळूहळू त्याचं तोंड पडलं.

"आता काय झालं?" वॉर्डेलने विचारलं.

"तो पिचर," ओझेल म्हणाला. "कोण कुठला डावखुरा. माझी मिस अर्झुला त्याने टाकली तिथे, त्या मैदानात, एवढ्या माणसांसमोर."

"अरे, त्याने मार खाल्ला!"

"हो," ओझेल म्हणाला. "पण तिथे खाल्ला ना."

आणि त्याने व्हर्निसच्या हातातला पंखा घेतला, थिओटिसचा चेहरा आपल्याकडे केला आणि पहिल्यांदाच त्याचा वारा घेऊ लागला.