मागच्या सीटखालची वायर

माझ्या बायकोचे मामा आजवर कधीही चुकलेले नाहीत. चुकते ती गाडी. निमोण्यात त्यांच्या दारात वीस वर्षांची पांढरी पेट्रोल गाडी उभी असते आणि तिचं काय बिघडलंय हे मामांना बॉनेट न उघडताच कळतं. चावी अर्धी फिरवायची, उजवा हात वर करायचा आणि सगळ्यांना गप्प बसवायचं. "थांबा. पंप ऐकू द्या." टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणला की मामांची मान डोलते, नाही गुणगुणला की निदान तयार. एकदा गाडीत बसलेल्या भटजींना त्यांनी मंत्राच्या मध्यावर थांबवलं होतं. हीच विद्या ते माणसांवरही चालवतात. माझं पोट बिघडलं तेव्हा म्हणाले, "टाकीत कचरा हाय, जावईबापू. दोन दिस रिकामी ठेवा." ठेवली, आणि बरं वाटलं, ही माझी खरी पंचाईत.

मामी मात्र या विद्येला भीक घालत नसत. चांगल्या भरदार अंगाच्या मामी वर्षानुवर्षं मागच्या सीटवर, मामांच्या बरोबर पाठीशी, मांडीवर पिशवी घेऊन बसायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "हितनं रस्ता दिसतो आन् ह्यांचं त्वांड दिसत न्हाई." केडगाव हे त्यांचं माहेर. तिथे भाच्याचं लग्न निघालं आणि मामांना भलताच उमाळा आला. "आज तू पुढं बसायचं. मालकिणीवानी!" मामी पहिल्यांदाच पुढे बसल्या आणि भीमेच्या पुलावर गाडी बंद पडली. शेजारून माहेरचीच माणसं टेम्पोतून चालली होती आणि मामी नव्या साडीत गाडी ढकलत होत्या. पुलावरच त्यांनी सांगून टाकलं, "ह्या डबड्यात परत पाय ठिवनार न्हाई." त्या दिवसापासून मामी माहेरी जायच्या त्या एसटीनं.

मामांनी गाडीखालून टाकी उतरवून पंप बदलला. मग पंपाला वीज सोडणारा रिले बदलला, मग बॅटरीपासून त्या रिलेपर्यंत नवी वायर ओढली. सणसवाडीच्या कारखान्यातला एक बिहारी इलेक्ट्रिशियन आणला आणि "तुम रहने दो, हमको सब समझता है" म्हणून त्यालाच परत पाठवला. दर वेळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगायचे, "आता शंभर टक्के. चल, बस." मामी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "आधी एकटं न्हावऱ्यापत्तुर जाऊन या." मामा जायचे, आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरमागे दोरीला बांधून परत यायचे. आम्ही हसायचो. पण मामा वाळत चालले होते. त्यांना गाडीचं दुःख नव्हतंच. इतकी वर्षं पाठीमागून येणारी मामींची कुरकुर थांबली होती आणि तिच्याशिवाय त्यांना कुठं जावंसंच वाटत नव्हतं.

अशात एका सकाळी फोन आला. मामींच्या भावाचा पाय मोडला होता, त्याला दौंडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. एसटी निघून गेलेली. मामी पिशवी घेऊन आल्या आणि आपल्या जुन्या जागी बसल्या. गाडी दौंडपर्यंत एकदाही खोकली नाही. मामी भावाजवळ राहिल्या, मामा एकटेच परत निघाले आणि गाडी चार वेळा बंद पडली. चौथ्या वेळी त्यांनी रस्त्याच्या कडेला मागची सीट उचकटली. पंपाच्या वायरचा जोड तिथंच होता, ढिला झालेला. मामींच्या वजनानं तो दाबला जायचा, तेवढ्यापुरताच टिकायचा.

लगेच मला फोन. "जावईबापू, सापडलं! मामी बसली की करंट जातो, उठली की तुटतो."

"मग जोडून टाका की. पाच मिनिटांचं काम आहे."

मामा हळूच म्हणाले, "बघू."

मामी परतल्यावर त्यांनी भर आळीत जाहीर केलं, "गाडी हिच्याबिगार चालत न्हाई." मामी म्हणाल्या, "इतकी वर्सं म्या तरी दुसरं काय सांगत व्हते?" आणि पुन्हा मागे बसू लागल्या.

परवा आम्ही निमोण्याला गेलो होतो. मामा शर्ट बदलायला आत गेले तेव्हा मला राहवलं नाही, मी मागची सीट उचलून पाहिली. जोड पक्का केलेला होता, वर काळी टेप घट्ट गुंडाळलेली. चाकात हवा भरली तरी चावडीवर सांगणाऱ्या मामांनी एवढं एक काम कुणाला न सांगता केलं होतं. मागे पाहतो तर मामी पिशवी घेऊन उभ्या. मी घाईघाईनं सीट दाबून बसवली.

"पाह्यलंत न्हवं?" त्या आवाज बारीक करून म्हणाल्या. "मला कवाचं ठाव हाय. गप ऱ्हावा." आणि आपल्या जागी बसल्या.

मामा आले. चावी अर्धी फिरली, हात वर गेला, आम्ही सगळे गप्प झालो. मागून मामींचा आवाज आला, "वाजला. चला आता."

संध्याकाळी आम्ही आमच्या गाडीनं परत निघालो. माझी गाडी नवी आहे. कुणी बसलं न बसलं, ती तशीच चालते. बायको शेजारी मोबाईल पाहत होती. शिरूर मागं पडलं तेव्हा मला उगाचच वाटलं, हिनं काहीतरी कुरकुर करावी.