चौथा डोमाजी पाकमोडे

भूत, चकवा, करणी… यातलं काहीही मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आयुष्यभर टपाल वाटलं, त्यातली बरीच वर्षं जंगलातल्या पायवाटांनी, खांद्यावर थैली टाकून. ज्या झाडाखालून जाऊ नको म्हणून लोक बजावत, त्याच झाडाखाली बसून मी भाकर खाल्ली आहे. काही झालं नाही. या सदरात लोक आपले अनुभव लिहितात ते वाचून हसणाऱ्यांपैकी मी. पण एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली, आणि ती सांगायची तर आधी स्वतःचा एक वाईट गुण कबूल करावा लागतो. म्हणून इतकी वर्षं गप्प होतो. आता ऐंशी पार केली. ज्यांच्यासमोर लाज वाटली असती ती माणसं राहिली नाहीत.

काळ पन्नासच्या दशकातला. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली ही चांदा जिल्ह्यातली एक तहसील, आणि आम्ही सगळेच तेव्हा मध्य प्रदेशात मोडत होतो. आरमोरीहून वैनगंगेच्या काठाकाठानं तासभर चाललं की आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तलाव, त्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मग जंगल. शाळेला लागून एक कौलारू खोली, तेच आमचं डाकघर. तिथं मी टपालवाला. नाव डोमाजी पाकमोडे.

आमच्या भागात पाकमोडे पुष्कळ, आणि डोमाजीही पुष्कळ. पण त्या काळी या नावाची तीन माणसं अशी होती की पन्नास कोसांत त्यांचं नाव कोणी ऐकलं नाही असं नव्हतं. नदीपलीकडे, ब्रह्मपुरीच्या बाजूला राहायचे ते गाणारे डोमाजी — नाटक मंडळात राजाची पार्टी, म्हणजे भूमिका, करायचे, आणि त्यांचं पद सुरू झालं की झोपलेली लेकरंसुद्धा उठून बसायची. दुसरे वैरागडकडचे हाडवैद डोमाजी. तुटलेला हात बांबूच्या कामट्यांत असा बांधत की पुढच्या हंगामात माणूस नांगर धरी. तिसरे वडशाकडचे, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारे. त्यांची जोडी पटात उतरली की बाकीचे बैलवाले आपसात बोलणं बंद करत.

आणि चौथा मी. कुठंही नाव सांगितलं की समोरच्याचे डोळे चमकायचे. "म्हंजे ते गानारे?" मी नाही म्हणायचो. "मंग पटवाले?" नाही. "वैद?" नाही… टपालवाला. की डोळे विझले. हे आठवड्यातून चार वेळा. सुरुवातीला हसायचो मीही.

त्या तिघांतल्या दोघांचं मला काही वाटत नसे. गाणाऱ्या डोमाजींचं मात्र सलायचं, आणि त्याला कारण होतं माझी बायको यमुना. लग्न झाल्यावर वर्षभरानं, मोहफुलं वेचता वेचता तिनं मला हसत सांगितलं की आमचं स्थळ आलं तेव्हा तिच्या बापानं फक्त नाव सांगितलं होतं, आणि नाव ऐकून ती पटकन हो म्हणाली होती. तिला वाटलं, गाणारे! माहेरी असताना तिनं त्यांना एकदा ऐकलं होतं. मांडवात अंतरपाट दूर झाला तेव्हा तिला कळलं की हा कोणी दुसराच आहे. सांगताना तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र त्या दिवसापासून तिच्या हातचं जेवण पूर्वीसारखं लागलं नाही.

त्यात माझी ड्युटी. पलीकडच्या गावांची डाकही माझ्याकडेच होती. महिन्यातून पाच-सात पत्रं तरी 'श्री. डोमाजी पाकमोडे' या नावानं यायची. नाव माझं, पत्र माझं नाही. पोस्टकार्ड तर उघडंच असतं, वाचू नये म्हटलं तरी डोळा जातो. कोणी लिहिलेलं असायचं की तुमचं पद ऐकल्यापासून घरातला आजारी माणूस जेवायला लागला. कोणी लेकाचं नाव तुमच्यावरून ठेवलं म्हणून कळवायचं. मी ती कार्डं थैलीत घालून डोंग्यातून नदी ओलांडायचो आणि त्यांच्या घरच्या माणसांच्या हातात द्यायचो. स्वतः ते बहुतेक शेतावर असत. दुरून एक-दोनदा पाहिले. ठेंगणे, काळेसावळे, गुडघ्याएवढ्या चिखलात उभे. यात काय आहे एवढं, असं मला वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक कार्ड आलं. धानोऱ्याच्या अलीकडे जंगलातल्या एका गावचं. भाऊबीजेनंतर आमची मंडईची जत्रा आहे, दुपारी मंचावर येऊन दोन पदं म्हणावीत, तुमचा सत्कार करायचा आहे, आरमोरीला गाडी पाठवतो. पत्त्यावर त्यांच्या गावाचं नाव नव्हतं. नुसतं 'डोमाजी पाकमोडे, प्रसिद्ध गायक' आणि आमचं डाकघर.

ते कार्ड मी पोचवलं नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि 'येतो' म्हणून उत्तर लिहिलं.

माझा विचार एवढाच होता की एक दिवस त्या नावाचा मान घ्यावा. गळा बसलाय म्हणायचं, शेला-नारळ घ्यायचा, जेवायचं, आणि परत यायचं. तिकडच्या लोकांनी त्यांना पाहिलेलं नव्हतं. यमुनेला सांगितलं, सरकारी कामानं जातो.

मंडई चांगली भरली होती. मुरमुरे-लाह्यांची दुकानं, बांगड्यावाल्या, ढोल, आणि कापलेल्या धानाचा वास सगळीकडे. मला गाडीतून उतरवून थेट मंचावर नेलं. पाय धुतले. बाया लेकरांना वर उचलून मला दाखवत होत्या. खोटं कशाला सांगू… फार बरं वाटलं. कोणी विचारलं नाही, की तुम्ही कोणते डोमाजी.

मग गावचे पाटील पदाची विनंती करायला उठले तेव्हा मी ठरवल्याप्रमाणे गळ्याला हात लावला आणि हळू आवाजात नाही म्हटलं. पाटील जवळ येऊन बसले.

"दोनच ओळी म्हना, भाऊ. माही माय हाय ना थे, तिले डोळ्यानं दिसत नाई. तिनं तुमाले आरमोरीले आयकलं होतं एकदा. तवापासून धरून बसली हाय."

मंचाच्या पायथ्याशी एक म्हातारी बसलेली होती. मान माझ्याकडे, डोळे पांढरे. सगळ्या गावात ज्या एका माणसाला मी फसवू शकत नव्हतो तो माणूस माझ्यासमोर तोंड वर करून बसला होता. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. पेटीवाल्यानं सूर धरला.

इथं एक सांगतो. मला गाता येत नव्हतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला नुसतं ओठ हलवायला सांगायचे. राजा राज्य सोडून वनात निघतो तेव्हाचं त्यांचं एक पद होतं, ते यमुनेच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं, इतकंच. एक ओळ म्हणतो, खोकतो आणि बसतो, असं ठरवून मी तोंड उघडलं.

जो आवाज निघाला तो माझा नव्हता.

मी शुद्धीत होतो. अंगात येणं वगैरे काही नाही, पेटीवाल्याच्या बोटातली अंगठीसुद्धा मला दिसत होती. पण छातीतून जे वर येत होतं ते भरलेलं, गोल, दूर जाणारं होतं, आणि मला ते फक्त वाट करून द्यायचं होतं. दोन ओळी नाही, सगळं पद झालं. थांबलो तेव्हा दुकानं बंद पडल्यासारखी शांतता. म्हातारी पाटलाला म्हणाली, "हाच. हाच थो."

परत आल्यावर चौथ्या दिवशी हाडवैद डोमाजींचं एक पत्र द्यायला वैरागडच्या वाटेला गेलो. ते अंगणात कामट्या तासत बसले होते. म्हणाले, आपल्या नावाच्या माणसाचं वाईट झालं. मंडळाची तालीम चालू होती, दुपारची वेळ, आणि पदाच्या मधेच गाणाऱ्या डोमाजींचा आवाज गेला. बोलता येतं, पण गायला गेलं की नुसता वारा. शीर दबली असेल म्हणून या वैदांनाच बोलावलं होतं, यांनी मान चोळून पाहिली, काही सापडलं नाही. मी दिवस विचारला. मंडईचाच दिवस निघाला.

इथं तुम्हाला वाटेल मी घाबरलो. नाही. मला गार वाटलं… उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. वाटेत माणूस नाही असं पाहून मी जंगलात पुन्हा गाऊन बघितलं. होता. आवाज होता.

महिनाभर तो माझ्याकडे राहिला. नाटकांचा हंगाम सुरू झाला होता, मंडळानं दुसरा राजा उभा केला आणि लोक अर्ध्यातून उठून गेले, हे सगळं माझ्या कानावर येत होतं. कार्डंही येत होती. गाणं बंद केलं का, तब्येत कशी आहे, विचारणारी. तीही मी पोचवली नाहीत, घरच्या लाकडी पेटीत ठेवली. मनात एकच होतं — यमुनेला ऐकवायचं. पण धीर होत नव्हता. शेवटी एका सकाळी ती आंबील ढवळत असताना मी ओसरीवर बसून ते राजाचं पद सुरू केलं.

तिचा हात थांबला. मला वाटलं, आता वळून बघेल. बघेल की हा माणूस कोण आहे. ती वळली, पण भिंतीकडे. कपाळ भिंतीला टेकून, डोळे मिटून तिनं सगळं पद ऐकलं. गाल ओले झाले होते. मी थांबल्यावरही तिनं डोळे उघडले नाहीत.

मी म्हटलं, "इकडं पाह्य ना."

"नको," ती म्हणाली. "तुमी गाऊन राह्यले, पन मले तुमी दिसत नाई."

तिनं कसं, कुठून, काही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, आणखी एकदा म्हणता का? मी म्हटलं. ती पुन्हा भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घरात मी गात होतो, आणि माझ्या बायकोच्या मनात परका माणूस बसलेला होता, आणि त्याला आत आणून बसवत होतो मीच. पूर्वी मी नदीपलीकडच्या माणसावर जळत होतो. आता स्वतःच्याच गळ्यावर जळायला लागलो.

म्हणजे मी जे पुढं केलं ते चांगुलपणानं नाही केलं. ते स्पष्ट असू द्या.

पेटीतली सगळी कार्डं थैलीत घातली आणि नदी ओलांडली. गाणारे डोमाजी खळ्यावर होते, बैल धान तुडवत फिरत होते आणि ते काठीनं पेंढा वरखाली करत होते. मला पाहून त्यांनी बैल थांबवले. आवाज घोगरा, फुटका. मी कार्डं समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मंडई, म्हातारी, यमुना, सगळं. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही. वाटलं, काठी बसेल.

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग पेंढ्यावर बसले.

"गा मंग," ते म्हणाले.

"काऊन?"

"मी माहा आवाज बाहेरून कदी आयकला नाई, डोमाजीभाऊ. लोकं सांगते तेवढंच. गाऊन दाखव."

मी खळ्यात उभा राहून गायलो. ते गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होते, दुसऱ्याच्या शेतातलं पीक बघावं तसे. तिसऱ्या कडव्यात ते मान हलवून म्हणाले, "एवढाच होता का? मले वाटे, अजून मोठा हाय."

असं म्हणत ते उठले, बैलांना हाक घातली आणि काठी उचलली. त्याच ओळीत माझा सूर फाटला. शाळेतला तो जुना, पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज बाहेर आला आणि मी थांबलो. पण ओळ थांबली नाही. पुढचे शब्द खळ्यात ऐकू येत होते, पूर्ण, गोल. बैलांमागं चालत, पेंढा हलवत, ते आपल्याच नादात म्हणत होते. कडवं संपत आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं. एक क्षण पाय थांबला. माझ्याकडे पाहिलं. आणि मग पुन्हा बैलांमागं चालू लागले.

त्यांनी मला चहा पाजून पाठवलं. ही गोष्ट कोणाजवळ बोलले नाहीत, नाहीतर माझी नोकरी गेली असती. पुढं बरीच वर्षं गायले. यमुनेनं मला पुन्हा कधी गायला सांगितलं नाही, आणि आवाज कुठं गेला तेही विचारलं नाही. आमचा संसार नीट झाला. पण ती ज्या भिंतीला टेकली होती, त्या भिंतीला मी दर दिवाळीला माझ्या हातानं चुना लावायचो, तिला लावू द्यायचो नाही.

नागपूरच्या एका गळ्याच्या डॉक्टरांना मी नोकरीतून सुटल्यावर हे विचारलं — दुसऱ्या कोणाचं म्हणून. ते म्हणाले, व्होकल कॉर्डला सूज आली की आवाज जातो आणि आपोआप येतोही, त्यात नवल नाही. बरोबर आहे. मग मंडईत कोण गायलं? म्हणे, गर्दी भारावलेली असते, तिला हवं तेच ऐकू येतं. असेल. पण म्हातारीनं ऐकलं, यमुनेनं ऐकलं, आणि ज्याचा होता त्यानंही ऐकला. या तिघांना मी गर्दीत धरत नाही.

आवाज गेला त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण ज्या आवाजासाठी मी टपालवाला असून पत्रं दाबली, तो समोर ऐकून एखादा माणूस 'एवढाच होता का' म्हणू शकतो आणि बैल हाकायला उठू शकतो… त्याचा हेवा मला अजून वाटतो.